हार्मोनियमची स्वरपट्टीरचना

हार्मोनियम वा पेटी या वाद्यातील पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांचा क्रम आणि त्या पट्ट्यांना जोडलेल्या स्वरांची व्यवस्था. मुक्त पत्तीच्या कंपनाने नाद निर्माण करणाऱ्या सर्व वाद्यांत कोणता स्वर कोठे ठेवावयाचा, हे वाद्य घडविणाराच आधी ठरवून टाकतो. सारंगी वा व्हायोलिन यांच्या वादकास तारेवर हवे ते स्वरस्थान शोधता येते. पेटीवादकास मात्र ठेवलेल्या स्वरांतूनच निवड करावी लागते. त्यामुळे पट्ट्यांच्या मांडणीचा प्रश्न हा केवळ सोयीचा राहत नाही. गायकाच्या आवाजाला व रागातील स्वराला वाद्याने किती दाद द्यावी, असा तो प्रश्न आहे. महाराष्ट्रात संगीत रंगभूमी, कीर्तन, भजन व मैफल या चारही ठिकाणी पेटी रूढ झाल्याने या प्रश्नाचा विचार येथे विशेषत्वाने झाला.

पट्ट्यांची नावे : पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या अशा एकूण बारा पट्ट्या असतात. काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांनी बसविलेल्या असतात. दोन काळ्या पट्ट्यांच्या गटाच्या लगत डावीकडे असलेल्या पांढऱ्या पट्टीस ‘पांढरी १’ म्हणतात व तेथून पुढे पांढऱ्या पट्ट्या १ ते ७ आणि काळ्या पट्ट्या १ ते ५ अशा स्वतंत्रपणे मोजतात. या रीतीने बारा स्वरांचा क्रम पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २, पांढरी ३, पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५ व पांढरी ७ असा होतो. पांढरी ३ व ४ यांच्यामध्ये, तसेच पांढरी ७ व पुढील सप्तकातील पांढरी १ यांच्यामध्ये काळी पट्टी नसते.

ही नावे स्वरांची नसून निव्वळ जागांची आहेत. भारतीय संगीतात षड्ज कोणत्याही उंचीवर धरता येतो. म्हणून कोणतीही पट्टी षड्ज होऊ शकते. गायकाच्या आवाजाची उंची सांगण्याकरिता मराठीत हीच नावे वापरतात. ‘काळी १ मध्ये गातो’ याचा अर्थ त्या गायकाचा षड्ज काळी १ या पट्टीवर आहे, असा होतो. सामान्यतः पुरुषगायकांचा षड्ज काळी १ च्या आसपास, तर स्त्रीगायिकांचा काळी ४ वा काळी ५ च्या आसपास असतो. पट्टी हा शब्द वाद्याचा अवयव आणि आवाजाची उंची या दोन्ही अर्थांनी रूढ असून ‘वरच्या पट्टीत बोलणे’ हा वाक्प्रचार गाण्याशी संबंध नसलेल्यांच्याही तोंडी आहे. तंबोऱ्याच्या तारा जुळविताना आणि तबला लावतानाही पेटीच्या पट्टीचाच निर्देश केला जातो.

पट्टीचे नाव तेच असले, तरी तिची प्रत्यक्ष कंपनसंख्या सर्व पेट्यांत सारखी असतेच असे नाही. आज मध्य सप्तकातील पांढरी ६ ही दर सेकंदास ४४० कंपनांची धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फ्रान्समध्ये १८५९ साली हीच पट्टी ४३५ कंपनांची ठरविण्यात आली होती. या दोहोंतील अंतर सु. २० सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा पाचवा भाग एवढे आहे (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक असून एका सप्तकाचे १,२०० सेंट होतात). जुन्या फ्रेंच मानानुसार लावलेली पेटी व आधुनिक पेटी एकत्र वाजविल्यास त्यामुळे विसंवाद जाणवतो.

उगम व प्रसार : मुक्त पत्तीचे तत्त्व चीनमधील शंग या प्राचीन मुखवाद्यात आढळते. यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्राट्सेनश्टाइन या शास्त्रज्ञाने मानवी स्वरोच्चाराचे अनुकरण करणाऱ्या यंत्रासाठी या पत्तीचा उपयोग केला. १८१० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनये याने भात्याच्या दाबाने नाद लहानमोठा करता येणारे ऑर्गन तयार केले. पॅरिस येथील आलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास आपल्या सुधारित वाद्यास हार्मोनियम हे नाव दिले. पायाने भाता चालविण्याचे हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आले. मराठीत त्यास ‘पायपेटी’ म्हणत. जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या चालविता येतील अशी हातपेटी तयार करण्याचे श्रेय सामान्यतः कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. त्यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेली ‘द्वारकिन’ ही पेढी पुढे प्रसिद्धी पावली.

हातपेटीत मूळ वाद्याच्या अनेक गोष्टी बदलल्या; पट्ट्यांचा क्रम मात्र पियानो व ऑर्गन यांच्याकडून आला तसाच राहिला. हा क्रम यूरोपीय संगीताच्या गरजेतून शतकानुशतके घडत गेलेला होता. दोन्ही हातांनी अनेक स्वर एकाच वेळी वाजविणे, हा त्या संगीताचा एक पाया आहे. हातपेटीत एकच हात मोकळा असतो व भारतीय संगीतात मुख्यत्वे एकेरी स्वररेषा वाजवावयाची असते. अशा रीतीने एका संगीताची पट्टीरचना दुसऱ्या संगीताच्या सेवेस लागली. पुढील बहुतेक प्रयोगांचे मूळ या विसंगतीत आहे.

समकालीन वाद्यांतील बटणांच्या मांडण्या : पट्ट्यांचा पियानोसारखा क्रम हा मुक्त पत्तीच्या वाद्यास अपरिहार्य नाही, हे याच काळातील कॉन्सर्टिना या वाद्यावरून दिसून येते. कॉन्सर्टिना हे दोन्ही हातांत धरून वाजविण्याचे बहुकोनी वाद्य असून त्याच्या मध्यभागी भाता व दोन्ही टोकांस बटणे असतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीट्स्टन याने १८२९ च्या एकस्वाचा पुढे विस्तार करून जो प्रकार सिद्ध केला, त्यात एका बटणास एकच स्वर असतो आणि लगतचे स्वर आळीपाळीने डाव्या व उजव्या हाताकडे येतात. जर्मनीत केम्निट्स येथे कार्ल फ्रीड्रिख ऊलिख याने १८३४ मध्ये केलेल्या प्रकारात एका बटणास दोन स्वर असतात. भाता दाबला असता एक व ओढला असता दुसरा स्वर निघतो.

जर्मन प्रकारापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये अँग्लो कॉन्सर्टिना तयार झाली. तिच्या २० बटणांच्या साध्या प्रकारात प्रत्येक बाजूस पाच बटणांच्या दोन ओळी असतात व एक ओळ दुसरीहून पंचमाने उंच असते. पांढरी १ व पांढरी ५ हे ज्यांचे षड्ज, अशा दोन ओळींची जोडी सर्वांत प्रचलित होती. प्रत्येक ओळीत आपापल्या सप्तकातील शुद्ध स्वर मिळतात. त्याबाहेरील स्वर मिळविण्यासाठी ३० बटणांच्या वाद्यात तिसरी ओळ जोडण्यात आली. तिच्यातील स्वरांचा क्रम मात्र सर्व कारागिरांनी सारखा ठेवला नाही. जेफ्रीझ याच्या मांडणीत उजव्या बाजूस काळी १ व काळी २ हे स्वर शेजारशेजारच्या दोन बटणांवर उलटसुलट ठेवलेले असल्याने भाता कोणत्याही दिशेने चालू असता दोन्ही मिळतात. व्हीट्स्टन व लाशनाल यांच्या मांडणीत त्या सप्तकात अशी द्विरुक्ती नसून त्या जागी इतर स्वरांची सोय केलेली आढळते. एका मांडणीवर हात बसलेल्या वादकास दुसऱ्या मांडणीच्या वाद्यावर काही जागी अडखळावे लागते, ते यामुळेच. स्वरसप्तकाची उंची बदलावयाची झाल्यास अँग्लोचा वादक पुष्कळदा वेगळ्या जोडीच्या ओळी असलेले दुसरे वाद्य हाती घेतो.

इंग्लिश कॉन्सर्टिनात आणखी एक लक्षणीय विशेष आढळतो. तिच्या सप्तकात बारांऐवजी चौदा बटणे असतात. कारण काळी २ व काळी ४ या प्रत्येक जागेसाठी किंचित उतरलेला व किंचित चढलेला असे दोन स्वर स्वतंत्रपणे दिलेले असत. एकाच पट्टीने दोन निकटवर्ती स्वरांचे काम भागत नाही, ही अडचण यूरोपीय वाद्यकारांनाही जाणवली होती, हे यावरून स्पष्ट होते.

पेटीची अंतर्रचना : पेटीत भात्यातून आलेली हवा प्रथम आतील हवापेटीत साठते. पट्टी दाबली असता तिच्या मागील टोकाखालचे भोक उघडते व हवा पितळी पत्तीवरून बाहेर पडू लागते. पत्ती एका टोकास पक्की व दुसऱ्या टोकास मोकळी असून ती आपल्या चौकटीतून खालीवर कंप पावते. पत्ती लांब व जाड असल्यास स्वर खालचा, आखूड असल्यास वरचा येतो. भात्याची दिशा बदलली, तरी कॉन्सर्टिनाप्रमाणे स्वर बदलत नाही. स्वर लावताना पत्तीचे मोकळे टोक किंचित घासले म्हणजे ती हलकी होऊन स्वर चढतो व बुडाशी घासले म्हणजे ती लवचिक होऊन स्वर उतरतो. पेटीमध्ये सामान्यतः ३७ ते ४२ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीस पत्त्यांच्या एक, दोन वा तीन ओळी असून त्यांना खर्ज, नर व मादी अशी नावे आहेत. पॅरिस व जर्मनी येथून आलेल्या जुन्या पत्त्यांना जाणकार वादक आजही विशेष मान देतात.

पट्टीरचना व बोटांची चाल : पांढरी १ हा षड्ज धरल्यास बिलावल थाटाचे सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तोच थाट काळी १ वरून वाजविल्यास काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ३, काळी ४, काळी ५ व पांढरी १ असा क्रम होतो. काळी ४ वरून तो काळी ४, काळी ५, पांढरी १, काळी १, काळी २, पांढरी ४ व पांढरी ५ असा बदलतो. स्वरांतील परस्परसंबंध तोच राहिला, तरी बोटांची चाल प्रत्येक षड्जास निराळी होते. म्हणून एकच राग बारा षड्जांवरून वाजविण्यास बारा चालींचा अभ्यास लागतो. नवशिक्यास पांढरी १ वरून शिकविण्याची रीत सोपी असली, तरी प्रत्यक्ष साथीत गायक क्वचितच त्या पट्टीत गातात; म्हणून कसलेले शिक्षक विद्यार्थ्याचा हात लवकरच काळी १ वर बसवितात.

या असमान मांडणीचा एक लाभही आहे. पाच काळ्या पट्ट्या तेवढ्याच वाजविल्या असता त्यांतील निरनिराळ्या पट्टीस षड्ज मानून पाच औडव राग मिळतात : काळी ३ पासून भूप, काळी ४ पासून मधमाद सारंग, काळी ५ पासून मालकंस, काळी १ पासून दुर्गा व काळी २ पासून धानी. प्राचीन ग्रंथांतील मूर्च्छना ही संकल्पना, म्हणजे स्वर तेच ठेवून आरंभस्थान बदलणे, पेटीवर अशी डोळ्यांना दिसू शकते. अर्थात येथे केवळ स्वरांची संख्या व अंतरे जुळतात. रागाचे चलन, वादी-संवादी व स्वरांचे लगाव यांवाचून राग सिद्ध होत नाही.

षड्जचल पेटी : बोटांची चाल न बदलता षड्ज बदलता यावा, या हेतूने ‘स्केलचेंजर’ नावाची पेटी प्रचारात आली. तिच्यात पट्ट्यांची संपूर्ण चौकट डावी-उजवीकडे सरकविता येते. चौकट एक घर सरकली, की पूर्वी पांढरी १ चा स्वर देणारी पट्टी आता शेजारचे भोक उघडून काळी १ चा स्वर देते. वादकाची बोटे ओळखीच्या जागी राहतात व गायकास हवी ती उंची मिळते. अशा पेट्यांत ७, ९, ११ वा १३ घरे सरकण्याची सोय असते. दोन्ही टोकांस जादा पत्त्या बसवाव्या लागतात. सांधे वाढल्याने वजन वाढते आणि हवा निसटण्याचा संभवही वाढतो. शिवाय चौकट सरकल्यावर पट्टीचे नाव व तिचा स्वर यांचा मेळ राहत नाही.

याहून महत्त्वाची अट म्हणजे सरकत्या चौकटीस बाराही स्वरांतील अंतरे अगदी सारखी असावी लागतात. सप्तकाचे प्रत्येकी १०० सेंटांचे बारा समान भाग करण्याच्या या पद्धतीस समविभाजित सप्तक म्हणतात. हे सप्तक सोयीचे असले, तरी तंबोऱ्याच्या सुरात मिसळणाऱ्या नैसर्गिक स्वरांशी ते पूर्णपणे जुळत नाही.

श्रुतींचा प्रश्न : षड्जाशी ३/२ या प्रमाणात असलेला पंचम ७०२ सेंटांवर येतो, पेटीतील पंचम ७०० सेंटांवर असतो व हे अंतर कानास फारसे खटकत नाही. शुद्ध गंधाराची गोष्ट वेगळी आहे. षड्जाशी ५/४ या प्रमाणात असणारा गंधार ३८६ सेंटांवर असतो, तर पेटीतील गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे १४ सेंट चढा असतो. शुद्ध निषाद (१५/८) १,०८८ सेंटांवर हवा असता पेटीत तो १,१०० सेंटांवर मिळतो. ६/५ या प्रमाणाचा कोमल गंधार ३१६ सेंटांवर असतो. पेटीत तो ३०० सेंटांवर, म्हणजे १६ सेंट उतरा असतो. तंबोरा चालू असताना हे फरक सरावलेल्या कानास स्पष्ट ऐकू येतात.

यावर एक उपाय म्हणजे एक षड्ज कायम धरून पत्त्या घासून नैसर्गिक प्रमाणात लावणे. ‘गंधार ट्यूनिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अनेक मैफली वादक पसंत करतात. परंतु अशा पेटीत षड्ज हलविता येत नाही. उदा., ९/८ प्रमाणाचा ऋषभ (२०४ सेंट) व ५/३ प्रमाणाचा धैवत (८८४ सेंट) असलेल्या पेटीत ऋषभालाच षड्ज मानल्यास पूर्वीचा धैवत त्याचा पंचम होतो. पण तो ७०२ ऐवजी केवळ ६८० सेंटांवर येतो. इतका उतरलेला पंचम कोणत्याही गायनास चालण्यासारखा नाही. सारांश, षड्ज हलविण्याचे स्वातंत्र्य हवे असल्यास स्वरांची सूक्ष्मता सोडावी लागते आणि सूक्ष्मता हवी असल्यास षड्ज पक्का करावा लागतो. बारा पट्ट्यांच्या मांडणीत हे दोन्ही लाभ एकत्र साधत नाहीत.

श्रुति-हार्मोनियमचे प्रयोग : बारांहून अधिक स्वर देणारी पेटी करून ही कोंडी फोडण्याचा पहिला ठळक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिती मांडणी करणारा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांचे सहकार्य लाभले. क्लेमंट्स यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या गायनाचा आधार घेऊन त्यांनी श्रुतिस्थाने पडताळून पाहिली आणि लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेतली. बडोदे येथे १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या वाद्याची चर्चा झाली. परंतु त्यास मान्यता मिळाली नाही. विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धती बारा स्वर व दहा थाट यांवर उभारलेली होती व श्रुतींची यांत्रिक निश्चिती त्यांना मान्य नव्हती. गायक श्रुती यंत्राप्रमाणे लावत नसून रागाच्या संदर्भात लावतो, हा आक्षेप या वादात मूलभूत ठरला.

यूरोपातही असे प्रयत्न झाले होते. इंग्लंडमध्ये बोझँकेट याने १८७० नंतरच्या दशकात सप्तकाचे ५३ भाग करणारी हार्मोनियम बनविली. हंगेरियन संशोधक पाउल फोन यांको याने १८८२ मध्ये सर्व षड्जांवरून बोटांची एकच चाल ठेवणारी पट्टीरचना मांडली. पहिल्या प्रयोगाचे उद्दिष्ट सूक्ष्म स्वर हे होते, दुसऱ्याचे चल षड्ज. परंतु दोन्ही मांडण्या सर्वसामान्य वादकांत रुजल्या नाहीत. सरावलेला हात सोडून नवी मांडणी शिकण्याची तयारी वादकांत सहसा नसते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ठाणे येथील विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम विकसित केली. तिच्यात नेहमीच्या बारा पट्ट्या कायम असून षड्ज व पंचम अचल मानलेले आहेत. उरलेल्या दहा स्वरांस प्रत्येकी दोन श्रुती दिलेल्या असल्याने एकूण बावीस श्रुती होतात; उदा., शुद्ध ऋषभ १८२ वा २०४ सेंटांवर व शुद्ध गंधार ३८६ वा ४०८ सेंटांवर घेता येतो. राग सुरू करण्यापूर्वी पट्टीजवळील खुंटी ओढून वा दाबून हवी ती श्रुती निवडतात. हात बसलेली मांडणी न मोडता आतील स्वर बदलणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय. मात्र येथेही षड्ज पक्का ठेवावा लागतो.

आकाशवाणीवरील बंदी : पट्टीरचनेतील मर्यादांचा सर्वांत मोठा परिणाम नभोवाणीवर दिसून आला. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्झ (१८८०–१९३९) यांनी पेटीवर कडक टीका केली होती. रवींद्रनाथ टागोर यांचाही पेटीस विरोध होता. समविभाजित स्वर, मींड घेण्याची असमर्थता आणि साथीच्या पेटीमुळे गायकाच्या स्वरस्थानांत येणारा कृत्रिमपणा हे मुख्य आक्षेप होते. लायोनेल फील्डन हे नियंत्रक असताना १ मार्च १९४० पासून पेटी आकाशवाणीवरून बंद झाली. १९७० मध्ये या प्रश्नावर परिसंवाद झाला आणि १९७१ पासून निवडक कलावंतांच्या साथीपुरती ती सशर्त पुन्हा सुरू करण्यात आली.

या तीन दशकांत पेटी नभोवाणीवर नसली, तरी महाराष्ट्रातील तिचे स्थान ढळले नाही. संगीत नाटकांत पेटी व ऑर्गन हे साथीचे मुख्य आधार झाले होते. मानापमान (१९११) या नाटकाचे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी स्वतंत्र पेटीवादनास प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढील काळात पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर व तुळशीदास बोरकर यांनी ही परंपरा समृद्ध केली. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना पहिली किंचित रेंगाळत सोडणे, भात्याचा दाब बारकाईने सांभाळणे, खटकणारा स्वर ओझरता लावणे यांसारख्या युक्त्यांनी हे वादक मींडेचा आभास निर्माण करीत. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी पेटीत फेरबदल करून व स्वरमंडळाची जोड देऊन ‘संवादिनी’ हे एकलवादनाचे वाद्य घडविले. वाद्याची मर्यादा वादकाच्या हाताने कशी भरून काढता येते, याची ही उदाहरणे होत.

ग्रामीण वापर : मैफलीच्या तुलनेत पेटीचा सर्वाधिक वापर भजन, कीर्तन व हरिनाम सप्ताह यांत होतो. विदर्भाच्या पश्चिम टोकास असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील चिखली व मेहकर, तसेच घाटाखालील मलकापूर, नांदुरा व खामगाव या दोन्ही भागांतील भजनी मंडळांत टाळ व पखवाजाबरोबर पेटी आढळते. शेगाव येथे गजानन महाराजांचे समाधिस्थान (१९१०) असल्याने या जिल्ह्यात भजनपरंपरेस विशेष चालना मिळाली. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) खंजिरी-भजनांचा प्रभावही विदर्भातील मंडळांवर पडला.

अशा मंडळांत बहुधा एकच पेटी असते आणि तिच्यावर अनेक गाणारे अवलंबून असतात. पहिला अभंग एका पट्टीत, दुसरा दुसऱ्या गाणाऱ्याच्या पट्टीत, स्त्रियांचे भजन त्याहून वरच्या पट्टीत, असा क्रम चालतो. पेटीमास्तराला त्या त्या वेळी षड्ज हलवावा लागतो. म्हणून तेथे समविभाजित सप्तकाची साधी पेटी वा स्केलचेंजर हीच उपयोगी पडते. सूक्ष्म श्रुतींसाठी पक्क्या षड्जाची पेटी लावून घेणे हे एकाच गायकाच्या साथीस शोभते. समूहगायनात तिचा फायदा होत नाही. हवामानाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत लाकूड आकसून हवा निसटू लागते व पावसाळ्यात ते फुगून पट्ट्या अडकतात. खुंट्या, सरकत्या चौकटी व जादा पत्त्या जितक्या अधिक, तितकी दुरुस्ती अवघड होते. कारागीर दूरच्या शहरात असल्यास एक पट्टी मुकी झाली, तरी सप्ताहातील साथ अडते. यामुळे साधी, मजबूत व गावात उघडून साफ करता येणारी पेटी पसंत केली जाते.

हार्मोनियमच्या पट्टीरचनेत झालेले बदल पाहता एकच मांडणी सर्व प्रयोजनांस पुरेशी ठरलेली नाही, असे दिसते. स्केलचेंजरने गायकाच्या उंचीची अडचण दूर केली. श्रुति-हार्मोनियमने स्वराच्या सूक्ष्मतेचा विचार पुढे आणला. साध्या पेटीने गावोगावच्या समूहगायनास आधार दिला. इलेक्ट्रॉनिक वाद्यांत षड्ज बदलणे व स्वरस्थाने हवी तशी ठरविणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य झाल्या असल्या, तरी भात्याच्या दाबाने स्वर फुलविण्याचे पेटीचे सामर्थ्य त्यांत सहजासहजी येत नाही. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी मांडणी आणि तिच्यावरून पडलेली ‘काळी’ व ‘पांढरी’ ही नावे मराठी संगीतव्यवहारात आजही टिकून आहेत.